मांड

खोगीर आधी पालथं घालायचं.
मग गिऱ्हाइकाला सलाम.
बरक्याला, खजुरीच्या बागांपलीकडे, पत्र्याच्या खोलीत
वीस वर्षं मी हेच करतोय.
रापी, आरी, मेणाचा गोळा.
कूलर चालला तर चालला.

स्वार मला कळतो तो खोगिराच्या पोटावरून.
डाव्या गादीतली लोकर दबून खापरीसारखी झालेली,
उजवीत अजून बोट रुतेल इतकी मऊ,
म्हणजे हा बुवा डावीकडे सांडतो.
मागची कड घासलेली, म्हणजे पाय पुढे, पोट सैल,
घोडा त्याचा सोफा.
गुडघ्यापाशी शिवण उसवली की भित्रा,
आवळून बसतो,
आणि आवळलं की माणूस वर निसटतो,
ओला साबण निसटतो तसा.
डाव्या रिकिबीचा पट्टा तर सगळ्यांचाच लांबलेला,
कारण चढतात सगळे डावीकडूनच.
महिन्याला पट्टे अदलाबदल करा, सांगतो मी.
कोणी करत नाही.

झुवेनाचं खोगीर मार्चपासून तीनदा आलं.
तिन्ही वेळा उजवी गादी बसलेली.
दोनदा मी लोकर भरली, चार-चार रियाल घेतले.
तिसऱ्यांदा हात अडला.
कलत्या माणसाखाली पाचर ठोकून
सरळ म्हणायचं, हे चपलेतसुद्धा चालत नाही,
हे तर मुक्या जिवाच्या पाठीवर.

पोरी, तू उजवीकडे कलतेस,
म्हटलं माझ्या मोडक्या अरबीत.
मी सरळच बसते, म्हणाली. सोळा वर्षांची.
तू कधी बसलायस का?

नाही.
वर्षाला चाळीसेक खोगिरं,
आणि मी एकदाही नाही.

मग दाद करीमने नस्माला धरलं.
म्हातारी, राखी रंगाची घोडी, कान मागे पुढे.
मगरिबच्या आधीची वेळ, वाळू निवत चाललेली.
मी चढलो. डावीकडूनच.
पोरगी मागून फिरून आली आणि हसत सुटली,
अम्मू, तूही उजवीकडेच!

असणारच.
कापशीला बाप बसायचा तसाच मी बसलो,
डावा पाय दुमडून,
उजव्या अंगठ्याखाली कातडं दाबून,
वयाच्या नवव्या वर्षापासून आजपर्यंत.
अंगात ते बसणंच बसलंय.

टाचा सोड, ती म्हणाली. खांदे सोड. खाली बघू नको,
त्या नावेकडे बघ.
लांब एक पांढरी नाव होती, मासळीवाल्यांची.
घोडी चालली.
तिचं एकेक पाऊल माझ्या कमरेत येऊन
उजवं, डावं, उजवं, असं हलवत होतं,
जसं कोणी पोतं हलवून धान्य बसवतं.
आता डावीकडे ये, झुवेना म्हणाली. अजून. अजून थोडा.
अग पडेन मी!
नाही, अम्मू. आत्ता तू मधोमध आहेस.

मला शप्पथ वाटत होतं मी पडतोय.
पाच पावलं तसाच पडत राहिलो, सरळ.
सहाव्याला पुन्हा माझ्या जागी, उजवीकडे, आरामात.

आमच्याकडे म्हणतात, मांड पक्की हवी.
मी समजत होतो ते काहीतरी घट्ट असतं,
टाक्यासारखं, ओढून बांधलेलं.

उतरल्यावर तिच्या खोगिराची सगळी लोकर काढली,
दोन्हीकडे सारखी भरली, वजन करून.
पैसे घेतले नाहीत.
तिने जाताना पट्टे अदलाबदल केले,
न सांगता.

आज मांड्या भरून आल्यात, जिना उतरवत नाही.
सकाळी बसलो तेव्हा कातडं
डाव्या अंगठ्याखाली घेऊन पाहिलं.
टाका वाकडा गेला.
उसवला. पुन्हा घातला.